रश्श्यात विरघळलेल्या वाट्या

ताईच्या हळदीला मांडवात प्लास्टिक येणार नाही, असं मी घरात जाहीर केलं. मी चळवळीची पत्रकं वाचत मोठा झालो. साधं सांगणं मला जमत नाही, मी जाहीरच करतो.

"मग रस्सा कशात वाढू? ओंजळीत?" आईनं विचारलं.

पत्रावळी होत्याच. प्रश्न वाट्यांचा होता, आणि त्या मी तांदळापासून करणार होतो. भिजवलेले तांदूळ वाटून गाळायचे, तळाशी बसलेला पांढरा साका व्हिनेगर आणि मुरबाडहून आणलेलं ग्लिसरीन घालून शिजवायचा, मग ती खळ तेल लावलेल्या स्टीलच्या वाट्यांवर बाहेरून थापून उन्हात वाळवायची. अंगणात एका बाजूला काकू पापड घालत होती. दुसऱ्या बाजूला मी भांडवलशाही उलथवत होतो.

"आमचा पापड बिघडला तर आमी टाकून देतो," काकू म्हणाली. "तू भाषण करतो."

पण वाट्या देखण्या झाल्या, अगदी टणक. एकीत पाणी भरून मी ती गावभर मिरवली. थेंब गळला नाही. मटणाचा रस्सा उकळता वाढतात, ही बारीकशी गोष्ट तत्त्वांच्या गडबडीत राहून गेली.

नवऱ्याकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली. पहिली पंगत त्यांची. रस्सा पडला तशा वाट्या आधी मऊ झाल्या, मग वाकल्या, मग पत्रावळीवर पसरल्या. नवऱ्याच्या मामांनी बोट घालून बघितलं, तर तार निघाली.

"दादा, ही वाटी हाय का पेज?"

पंगत हसली. दारात हळदीनं माखलेली ताई उभी होती. ती हसत नव्हती. तिला उद्यापासून याच माणसांत राहायचं होतं.

मी बाइक काढली आणि धसईच्या दुकानातून प्लास्टिकच्या वाट्यांची पुडकी आणली. शर्टाखाली लपवून मांडवात शिरलो, तर ताईनंच अडवलं.

"लपवतो कशाला रे? पावने हात आखडून बसलेत. वाढ जा."

मी वाढलं. प्रत्येक पानाशी वाकून, माझ्याच हातानं.

मंडळी गेल्यावर ताई म्हणाली, "मामा इचारत होते, तुजा भाव काय करतो."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, अजून शिकतोय. ते म्हनले, दिसतंय."