रिकाम्या खोल्यांतले स्पीकर

निवृत्त मास्तरीणबाईंचा, स्पीकरना आवाज पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर दुकानात दिवसभर गुमान वाजायचा आणि घरी नेला की मान टाकायचा. तो पुन्हा दुरुस्तीला आला तेव्हा दुरुस्तीवाला खटपट्या वैतागून त्यांच्या घरीच गेला. बघतो तर चारही खोल्यांचे स्पीकर त्या एकट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या गळ्यात बांधलेले.

"बाई, एवढा भार पडला की तो जीव वाचवायला बंदच पडणार. रिकाम्या खोल्यांतले काढून टाकू?"

"त्या खोल्यांसाठीच तर लावलेत," बाई म्हणाल्या.

खटपट्याने भार हलका होईल अशी जोडणी बदलली. आवाज लहान झाला, पण चारही खोल्यांत पोचला आणि टिकला. एरवी चहाला नको म्हणणारा तो त्या दिवशी बसला. त्याच्याही घरी कुलूपच वाट बघत होतं.