कॅप्सूल गिळायची नव्हती

मंडळी, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही.

मी मोताळ्याजवळच्या एका सरकारी दवाखान्यात औषधं देते. आज दम्याच्या पेशंट कौसामावशी पुन्हा आल्या. महिनाभर औषध घेऊनही धाप तशीच होती.

"मावशी, औषध चुकलं का?"

"नाई वं माय. सकाळ-संध्याकाळ एक, तू सांगतलं तसंच."

"कसं घेता, दाखवा बरं."

त्यांनी पिशवीतली कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि पाणी मागितलं. ती कॅप्सूल इनहेलरच्या छोट्या यंत्रात घालून तिच्यातली पूड तोंडानं श्वासाबरोबर आत ओढायची असते. सोबत दिलेलं यंत्र घरी डब्यात नवंकोरं पडलं होतं, हे नंतर त्यांच्याकडूनच कळलं.

"अहो, थुंका ती! ही गिळायची नसते."

"मंग मले तवा काऊन नाई सांगतलं वं?"

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. खरंच सांगितलं नव्हतं. रांग मोठी होती आणि मला घाई होती.

दवाखान्यातल्या यंत्रावर करून दाखवलं. तिसऱ्या वेळी त्यांना जमलं. पण त्याच रांगेत आणखी किती जणांना मी नुसतं 'सकाळ-संध्याकाळ' म्हणून वाटेला लावलं असेल?

तुमच्या घरी कोणी रोज औषध घेत असेल, तर आज एकदा शेजारी बसून बघाल का?