खरेदी केंद्रावरची भेट

आईचं माहेर बारवी धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिथली माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. आई तोवर लग्न होऊन आमच्या गावात आलेली. तिची लहानपणची मैत्रीण वांगणीच्या पलीकडे दिली होती. तिला मी मावशी म्हणायचे. दोघींची भेट वर्षातून एकदाच व्हायची, बदलापूरच्या सरकारी भात खरेदी केंद्रावर.

तिथे सरकारने बांधून दिलेल्या भावाने भात घेत. दिवाळी उलटली, मळणी आटोपली की बाबा बैलगाडीत पोती रचायचे आणि आई मला घेऊन वर चढून बसायची.

"तुझं काय काम तिथं?" बाबा विचारायचे.

"पोतं फाटलं तर शिवायला कोण?"

एका वर्षी कापणीच्या वेळी पाऊस लागला होता. गोदामाच्या माणसाने पोत्यात सळई खुपसून दाणे काढले, दाताखाली फोडले आणि मान हलवली. "ओलसर आहे. वाळवून आणा."

मावशीच्या घरचं भातही तसंच परत आलेलं. पुरुष कपाळाला हात लावून बसले. या दोघी मात्र एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. कारण आता मुक्काम करावा लागणार होता.

गोदामासमोरच्या मैदानात सगळ्यांनी भात पसरलं. दोघी पायाने दाणे उलटत उन्हात फिरायच्या आणि मोठमोठ्याने बोलायच्या.

"विहिरीवरची चिंच आठवते काय गो?"

"आणि तुझा भाऊ तिच्यावरून पडलेला तो?"

मी रिकाम्या पोत्यांवर लोळत ऐकत राहायचे. ते गाव मी कधी पाहिलं नाही, पण त्याच्या वाटा मला तेव्हापासून पाठ आहेत. भात पास झालं तेव्हा बाबांचा चेहरा फुलला. आई मात्र पोत्यांच्या घड्या उगाच सावकाश घालत होती.

पुढे व्यापारी टेम्पो घेऊन गावातच यायला लागला. "दारात माल उचलतोय. कशाला बदलापूरपर्यंत बैल दमवायचे?" बाबा म्हणत. आई सरकारी भावाचा हट्ट धरायची. भाव थोडा जास्त होताच, पण खरं कारण बाबांनाही ठाऊक होतं. ते मुकाट्याने गाडी जुंपायचे.

आणि एका वर्षी मावशी आली नाही. तिच्या गावच्यांनी सांगितलं, शेत विकलं, मुलगा अंबरनाथच्या आनंदनगरला कंपनीत लागला, आता तिथेच चाळीत राहतात. तरी आई संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे बघत होती.

माझं लग्न उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये झालं. चौकशी करकरून मी ती चाळ शोधली आणि आईला घेऊन गेले. मावशीने दारातच तिला मिठी मारली. पण मुलगा रात्रपाळी करून आत झोपला होता. दोघी भिंतीला टेकून कुजबुजत राहिल्या. मध्येच हसू आलं की मावशी पदर तोंडावर धरायची. चहा झाला, विषय संपले. निघताना आई तिला म्हणाली, "यंदा केंद्रावर ये."

"आता माझ्याकडे भात कुठलं गो?"

"नसू दे. तू ये."

त्या हिवाळ्यात बाबांनी बैल विकले आणि सगळं भात व्यापाऱ्याला दिलं. आईने माझ्याकडे निरोप धाडला. मी मावशीला घेऊन बदलापूरला गेले. आई आधीच येऊन मैदानाच्या कडेला बसली होती. दोघींकडे विकायला मूठभर दाणेही नव्हते.

दुपारी रखवालदार आला. "मावशी, तुमची पोती कुठली?"

"पोती नाय रे बाबा," मावशी खणखणीत आवाजात म्हणाली. "आम्ही आपल्या बसायला आलोय."

तो गोंधळला आणि निघून गेला. मी शेंगदाणे घेऊन आले तेव्हा दोघी कुणाच्या तरी धरणात बुडालेल्या घराच्या ओटीबद्दल भांडत होत्या, ती पूर्वेला होती की उत्तरेला. ऊन उतरलं तरी त्यांचा निकाल लागेना.

पुढच्या पावसाळ्यात मावशी गेली. आईने त्यानंतर केंद्राचं नाव काढलं नाही. आता आईही नाही. ती ओटी कुठल्या दिशेला होती, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. मला मात्र अजून वाटतं, कुणाला तरी विचारावं.