टोक नसलेलं दावं

बोटीचा भोंगा वाजला की तोंडवळकर मास्तर शिकवायचे थांबत. आमची शाळा मालवणच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. मुंबईची बोट निघाली, की भोंग्याचा आवाज विरेपर्यंत मास्तरांचा खडू फळ्यावर तसाच टेकलेला असे. मग ते धोतराचा सोगा सावरून म्हणत, "गेली. चला, आपण पुढे जाऊ."

तरुणपणी ते मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस होते. जिवाणूंवर काम चाले. वडील गेले म्हणून गावी आले, ते परतलेच नाहीत. आई म्हणाली, "खाडी सोडून माका झोप येवची नाय." विषय तिथेच मिटला. मास्तरांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, पण भोंगा मात्र त्यांना सोसवत नसे.

मुंबईचा एक जुना सोबती त्यांना विज्ञानाची मासिकं पाठवी. आमच्या पुस्तकात डीएनएचं नावही नव्हतं, तरी मास्तर ते शिकवत. "कानान आयकलेला अर्धा, हातान केलेला पुरा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एके दिवशी त्यांनी वर्गात चक्क गाईचं दावं आणलं. दोन पेडांचं, वापरून काळं पडलेलं. दोघी मुलींना एकेक पेड धरून ते उसवायला लावलं. "जिवाणूला दोन व्हायचं असलं की आधी त्याच्यातलं डीएनए हे असं सुटतं. मग प्रत्येक जुन्या पेडाशेजारी त्याला जुळणारा नवा पेड तयार होतो."

तेवढ्यात त्यांची आई दारात. मोकळी सुटलेली त्यांची गाय कपिली शेजाऱ्यांची चवळी खाऊन मोकळी झाली होती.

"गाईचा दावा उसवून पोरांका काय शिकयतंस रे बाबला? आता गाय कित्यान बांधू, तुज्या धोतरान?"

वर्ग हसला आणि सगळ्यांत जास्त मास्तर हसले. काकी, म्हणजे त्यांची आई, काथ्याचे सुंभ वळून विकत असे. दोन्ही पेड उचलून ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात दोन दावी वाळत होती. दोन्हींत एक पेड जुना काळा, एक नवा पिवळा. "जुनो पेड टाकूचो नसता," ती म्हणाली, "नवो तेच्यावांगडा घालूचो."

मास्तर त्या दाव्यांकडे बघतच राहिले. "आये, ह्याच. ह्याच तर मी सांगी होतंय." त्यांतलं एक कपिलीच्या गळ्यात गेलं. दुसरं त्यांनी शाळेसाठी ठेवलं.

पुढे मी जिवाणूशास्त्र शिकायला मुंबईला निघाले. धक्क्यावर मास्तर म्हणाले, "चेडवा, जिवाणूतला ता दावा माका एकदा बघूचा होता. आता तू बघ." बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढताना मला रडू आलं. त्यांची जागा मी घेऊन चालले आहे असं वाटलं.

काही वर्षांनी कॉलेजच्या वाचनालयात मला एका जिवाणूच्या डीएनएचं छायाचित्र दिसलं. त्यावरून चित्र काढून मी सुट्टीत ते मास्तरांकडे नेलं. त्यांनी ते खिडकीशी धरून कितीतरी वेळ पाहिलं.

"टोक खंय आसा गो ह्याका?"

"टोकच नाही, मास्तर. कडं आहे."

"मगे ता सुटूक लागता खंयसून?"

मला माहीत नव्हतं. तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हतं. त्याच दिवशी त्यांनी शाळेतल्या दाव्याची दोन टोकं एकमेकांत गुंफून कडं केलं आणि खुंटीला अडकवलं. मी मुंबईला परतताना धक्क्यावर फक्त एवढंच म्हणाले, "कळला तर सांग हां."

कळलं, तेव्हा मास्तर गेले होते.

तरी मी गावी गेले. काकी पडवीत सुंभ वळत बसली होती. खुंटीवर ते कडं होतं. मी ते तिच्या मांडीवर ठेवलं, एका जागी दोन बोटं टेकवली आणि एक इकडून, एक तिकडून फिरवत नेली. "काकी, हे एका ठरावीक जागी सुटतं. तिथून दोन्ही बाजूंनी नक्कल होत जाते. पार पलीकडे दोन्ही परत भेटतात."

तिने माझी बोटं भेटलेली पाहिली. हातातला सुंभ तसाच राहिला.

"म्हणजे निघालेली दोगांय परत गावतत?"

"हो."

दूर धक्क्यावर बोटीचा भोंगा झाला. आवाज विरेपर्यंत काकीने ते कडं मांडीवर धरून ठेवलं.

"ता बाबलाक आयकूचा होता गो," ती म्हणाली आणि पुन्हा वळायला लागली.