पिल्लांवरची मरळ

दुसरबीडच्या बसथांब्यापासून थोडं पुढे, रस्त्याच्या कडेला इंद्रभानची पत्र्याची टपरी आहे. निम्म्या टपरीत नायलॉनची जाळी, दोर आणि ताडपत्री. उरलेल्या निम्म्यात मासे धरायचे रॉड, रील आणि एका प्लास्टिकच्या पेटीत रबरी बेडूक. तिथं रॉड घ्यायला येणारा माणूस बहुतेक आयुष्यातला पहिला रॉड घेत असतो, आणि त्याला काय द्यायचं हे इंद्रभान ठरवतो.

इंद्रभान भोई आहे, वय बावन्न. त्याचं गाव दुसरबीडपासून सहा किलोमीटरवर, तलावाच्या काठावर. त्याचे वडील आणि आजोबा त्या तलावात जाळं टाकत. दहा वर्षांपूर्वी तलावाचा ठेका बाहेरगावच्या माणसाकडे गेला. त्यानं रोहू-कटल्याचं बीज सोडलं आणि गावातल्यांची जाळी बंद केली. मरळ मात्र त्याला नकोच होती, कारण ती त्याचं बीज खायची. त्यानं गावातल्या भोयांना गळानं हवी तेवढी मरळ धरायची मोकळीक दिली.

तेव्हापासून घर मरळीवर चाललं. इंद्रभान पहाटे गळ टाकायचा आणि त्याची आई सत्यभामाबाई आठवडी बाजारात घमेल्यात जिवंत मरळ घेऊन बसायची. बाळंतिणीसाठी, ऑपरेशन झालेल्या माणसासाठी लोक मरळच मागतात, तीही हालती. बर्फातल्या रोहूला तो मान नाही.

या धंद्याचा एक रिवाज आहे. मृगापासून दसऱ्यापर्यंत मरळ पिल्लं घेऊन फिरते. तांबूस पिल्लांचा घोळका पाण्याच्या वरच्या थरात राहतो आणि सगळी मिळून श्वास घ्यायला वर येतात, तेव्हा तेवढीच जागा उकळल्यासारखी दिसते. नर आणि मादी खाली राखण करत असतात. अशा जोडीला भोई हात लावत नाही. त्यासाठी शपथ नसते, दंड नसतो. ज्याला घोळका दिसतो तो दुसऱ्याला बोटानं दाखवतो आणि म्हणतो, "इथं हाय." एवढं म्हटलं की दसऱ्यापर्यंत ती जागा दोघांनाही बंद.

रॉडचं काम इंद्रभानकडे योगायोगानं आलं. समृद्धी महामार्ग झाल्यावर संभाजीनगर आणि जालन्याहून हौशी लोक गाड्या घेऊन येऊ लागले. तेही मरळच धरतात म्हणून ठेकेदारानं त्यांना अडवलं नाही. एकानं शेंडा मोडलेला रॉड तलावावर टाकून दिला. इंद्रभाननं तांब्याच्या तारेनं तो बांधला आणि दोन वर्षं त्यावर हात बसवला. मग टपरीत चार रॉड ठेवले, पुढे दहा.

रवी जालन्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, वय तिशीच्या आत. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तो टपरीवर आला तेव्हा त्याच्या हातात बारा फुटांचा, दुर्बिणीसारखा मिटणारा रॉड होता आणि शेंड्याला पितळी घंटी.

"हे काय आणलं, साहेब?"

"ऑनलाइन मागवला, काका. लोकांनी चांगलं लिहिलं होतं."

"हा कणकेचा गोळा लावून बुडाशी टाकाचा अन् झाडाखाली झोपाचं. घंटी वाजली का उठाचं. मरळ घंटी नाई वाजवत. तिच्या डोळ्यापुढून पळतं दिसलं पाहिजे काहीतरी."

त्यानं रवीच्या हाती सात फुटांचा, एकाच जोडाचा रॉड दिला आणि मनगटानं झटका मारून बघायला सांगितलं. शेंडा लवला पाहिजे, मूठ लवता कामा नये. रवीला रॉडच्या वर बसणारं रील हवं होतं, व्हिडिओत सगळे तेच वापरतात म्हणून.

"घ्या. पण मंग दिवसभर गुंता सोडत बसा. घरी बाईनं विचारलं काय आणलं, तं सांगा गुंता आणला. हे खाली लटकणारं घ्या, नव्या माणसाले बरं."

दोरी विणलेली, वीस किलो ओढ सोसणारी. त्याहून जाड नको, कारण जाड दोरीनं हलका बेडूक लांब जात नाही. बेडूक पोकळ रबराचा, दोन गळ पाठीला चिकटलेले, म्हणजे शेवाळात अडकत नाही आणि माशानं दाबला की गळ उघडे पडतात.

"कोणत्या रंगाचा घेऊ?"

"रंग गिऱ्हाइकासाठी असते, साहेब. मरळ खालून पाहते. तिले पोट दिसते अन् पाय हालताना दिसतात."

रवी प्रत्येक रविवारी येऊ लागला. इंद्रभाननं काठावर जुनं टायर टाकलं आणि पंधरा पावलांवरून त्यात बेडूक पाडायला लावला. टायर जमलं. पाण्यात जमेना. मरळ उसळली की रवी दचकून रॉड ओढायचा आणि बेडूक त्याच्याच अंगावर यायचा.

"तिच्या तोंडात तं जाऊ द्या, साहेब. तुमी तं तिच्याआधीच गिळून राह्यले. दोन आकडे मोजा, मंग मारा."

दहा-बारा रविवार रिकामे गेले, तरी रवी येत राहिला. इंद्रभानला तो आवडला होता. चिवट होता, शेवाळात उतरायला लाजत नव्हता, दारू आणत नव्हता. जुलैत एकदा दोघं काठानं चालले होते. लव्हाळ्याच्या अलीकडे पाणी उकळत होतं. इंद्रभान थांबला, त्यानं बोट केलं.

"ते पाहा. लाल दिसते ना?"

"काय आहे ते?"

"मरळीची पिल्लं. खाली दोघं हायेत. मादी अडीच किलोची तरी असन."

"एवढी?"

"हाव. इथं हाय."

आणि तो पुढे चालू लागला. आपण जागा बंद केली, असं त्याच्या मनात होतं. ऐकणारा भोई असता तर झालीही असती.

पुढच्या रविवारी रवी टपरीवर थांबलाच नाही. उजाडताच लव्हाळ्यापाशी गेला. राखणीवरची मरळ भुकेली नसते. पिल्लांजवळ जे येईल त्याला ती हुसकावते, चावते, पुन्हा चावते. इतर दिवशी नवख्याला चुकांची किंमत मोजावी लागते; पिल्लांपाशी मात्र चूक केली तरी मासा परत येतो. तिसऱ्या फेकीला मादी लागली, दुपारच्या आत नरही. रवीनं मोबाईलवर व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं: पहिली मरळ, गुरू इंद्रभान काका, दुसरबीड. टपरीचा नंबरही दिला. त्यानं ते मनापासून लिहिलं होतं.

संध्याकाळी तो पेढे घेऊन टपरीवर आला.

"काका, तोंड गोड करा."

"पिल्लांवरची मारली तुमी."

"तुम्हीच तर जागा दाखवली."

"दाखवली म्हंजे..." इंद्रभान अडला. याचं पुढचं वाक्य त्याला कधी म्हणावंच लागलं नव्हतं.

"मग टाकू नका म्हणायचं होतं, काका."

"ते म्हणा लागते का?"

"मला कसं कळणार? मी तुमच्या गावचा आहे का?"

इंद्रभाननं पेढा घेतला.

व्हिडिओ बराच फिरला. पुढच्या रविवारी टपरीपुढे चार गाड्या होत्या, त्याच्या पुढच्या रविवारी नऊ. सगळ्यांना रवीचा रॉड आणि रवीचा बेडूक हवा होता. इंद्रभाननं प्रत्येकाला बजावलं, पिल्लांवर टाकू नका.

"पिल्लं म्हणजे? कशी दिसतात?"

मग त्याला सांगावं लागे: तांबूस घोळका, उकळतं पाणी, लव्हाळ्याच्या कडेला, सकाळच्या उन्हात. हे सगळं ऐकून माणूस थेट तिथं जाई. त्यानं पाटी लावली, तर लोकांनी पाटीचा फोटो काढून एकमेकांना पाठवला. चौथ्या दिवशी त्यानं पाटी उतरवली.

ऑगस्ट संपेपर्यंत सात घोळके गेले. सत्यभामाबाईला बाजारात निम्मं घमेलंही भरत नव्हतं. तिनं मुलाला सांगितलं, दसऱ्यापर्यंत रॉड विकू नको.

"मी नाई देल्ले तं ते ऑनलाइन मागवतीन, माय. तेच ते बारा फुटी, घंटीवाले."

"मागवू दे ना. घंटीवाल्यानं मरळ मरते का?"

तुह्या हातानं शिकले म्हणून मरळ मरून राह्यली, एवढं बोलून ती उठली. रॉड विकणं त्यानं थांबवलं नाही. टपरीला त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला हंगाम चालू होता, हे तो आजही नाकारत नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सांडव्याजवळ एक घोळका उरला होता. तो फक्त इंद्रभानला ठाऊक होता. शनिवारी दुपारी त्यानं तो पाहिला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. गाड्यांतलं कुणी ना कुणी तिथवर पोचणार, हा त्याचा हिशोब चुकीचा नव्हता. तो टपरीवर गेला, पेटीतला बेडूक घेतला आणि परत आला. पहिल्याच फेकीत मादी. दोन आकडे मोजायचीही गरज पडली नाही. नराला चार फेकी लागल्या.

घोळका तिथंच राहिला. पिल्लं एकत्र वर येत होती, एकत्र खाली जात होती. साधारण दहा मिनिटांनी कडेनं लहान मासे जमू लागले. आधी कडेची पिल्लं गेली, मग घोळका फुटला. इंद्रभान तिथं उभा होता. किती वेळ लागला असं विचारलं तर तो सांगतो, "बिडी संपेपर्यंत."

आईनं घमेल्यात पाहिलं. भादव्यातली जोडी तिला न सांगता कळली.

"पिल्लं कुठं होती?"

"सांडव्यापाशी."

"तुह्या बापानं दुष्काळात बी नाई मारली."

"उद्या कुणी तरी मारलीच असती."

"कुणी तरी मारली असती ना. तू काऊन?"

बाजारात दोन्ही मरळी पाच मिनिटांत गेल्या. एक बाळंतिणीच्या सासूनं नेली, वजनाला घासाघीस न करता. सत्यभामाबाईनं ती हातानं धरून पिशवीत घातली आणि पैसे कमरेला लावले.

पुढच्या वर्षी मृगापासून दसऱ्यापर्यंत त्या तलावात लाल पाणी कुणाला दिसलं नाही. ठेकेदाराचं रोहूचं बीज मात्र कधी नव्हे इतकं जगलं. तो गाडी घेऊन टपरीवर आला आणि इंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमच्या रॉडवाल्यांनी माझं मोठं काम केलं, बरं का. आता मरळ नाई, तं गळाचं बी काम नाई. उद्यापासून काठावर कुणी दिसू नका." तलावाभोवती त्यानं राखणदार ठेवला. राखणदार इंद्रभानच्याच भावकीतला आहे.

रवी आता इकडे येत नाही. तो दुसऱ्या जिल्ह्यांतले तलाव दाखवतो, त्याचे व्हिडिओ पुष्कळ लोक पाहतात, आणि नवीन माणसानं कोणता रॉड घ्यावा हे तो इंद्रभानच्याच शब्दांत सांगतो. सत्यभामाबाई बाजारात जात नाही. इंद्रभानची टपरी चालू आहे. गिऱ्हाइकाला तो सात फुटांचा रॉड देतो, खाली लटकणारं रील, वीस किलोची दोरी, एक बेडूक. मरळ कुठं आहे असं कुणी विचारलं तर मला ठाऊक नाही म्हणतो. आता ते खरंही आहे.