खुर्चीपासून पाटापर्यंत

बाबांची कंबर गेली तेव्हा मी शाळेत होते. इंदुरात राजवाड्यामागच्या कापडबाजारात ते पाठीवर गाठी वाहायचे. एक दिवस गाठ खाली ठेवली आणि स्वतः सरळ झालेच नाहीत. त्यानंतर घर आईच्या हातांवर चाललं. ती लोकांकडे पोळ्या लाटायला जायची. ताप असला तर कपाळाला फडकं घट्ट बांधून जायची. आमचे पणजोबा म्हणे संस्थानाच्या फौजेत घोडेस्वार होते. बाबा पाहुण्यांना हे अशा थाटात सांगायचे, जणू घोडा अजून दाराशी बांधलाय. दाराशी आमचे पाण्याचे डबे असायचे, नळाची वाट बघत.

त्या घरात "आज नाही जमत" असं कुणी म्हणत नसे. शूर होतो म्हणून नाही. तसं म्हटलं की चूल पेटायची नाही, म्हणून.

अशा घरातून मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. आमच्या खानदानात पहिली. हे मी कुणालाही आपणहून सांगते, त्यात लाजायचं काय. मामा म्हणाला होता, "खेळायची पण डिग्री असते का गं?" मी म्हटलं, असते, आणि नापास पण करतात. विजय नगरच्या एका जिममध्ये मला पर्सनल ट्रेनरचं काम मिळालं. सकाळची बायकांची बॅच माझी. काचेच्या भिंती, गार हवा, आणि एकेक बहाणा असा, की ऐकून माझे तळपाय गरम व्हायचे.

"आज नर्मदेचं पाणी यायचा दिवस होता ना." इंदुरात ह्या बहाण्यावर कोणी काही बोलू शकत नाही, पाणी एक दिवसाआड येतं आणि टाकी भरायची असते. "पाहुणे आले होते." "चतुर्थी होती, पोटात काही नव्हतं." "काल पोट भरून खाल्लं, आज जडजड वाटतंय." उपाशी असलं तरी नाही, जेवलं तरी नाही. मग व्यायाम करायचा कोणी, आणि कधी?

आमच्या सीनिअर सरांकडे ह्याच्यावर एकच औषध होतं, टोमणा. "मॅडमजी, बहाना भी एक्सरसाइज है, जीभ की." बायका हसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी यायच्या नाहीत. माझं औषध वेगळं होतं. मी आईची गोष्ट सांगायचे. तापात पोळ्या, कपाळाला फडकं, सगळं. मला वाटायचं, हे ऐकल्यावर कोणाला लाज वाटणार नाही?

त्याच सुमाराला काकू आल्या. साठीला टेकलेल्या, जुन्या इंदुरी मराठी घरातल्या, आवाज खणखणीत. बाकीच्या बायका पहिल्या दिवशी वजन सांगतात. काकूंनी काट्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"वजन-बिजन जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मार्गशीर्षात लेकीचं लग्न आहे. कन्यादानाला मला पाटावर बसायचंय, आणि कोणी हात न देता उठायचंय. बस, एवढंच. होईल ना?"

"होईल," मी म्हटलं. मला तेव्हा सगळंच होईल असं वाटायचं.

काकू सायकल छान चालवायच्या. दोरी ओढायचं मशीन तर अशा ओढायच्या, की शेजारची पोरगी बघत राहायची. गप्पा, हसणं, सगळं. पण मी खाली चटई अंथरली, की काहीतरी निघायचं. डोळ्यांत काही गेलं. गॅस बंद केला का ते आठवत नाही. काका खाली गाडीत थांबलेत. मला कळेना. बाईला काय पाहिजे ते तिने स्वतः सांगितलंय, दिवस सरताहेत, आणि ही चटईला पाय लावत नाही. मी येरझाऱ्या घालायचे. घरी आई म्हणायची, "अगं, एका जागी बस ना. तुला बघून मला दम लागतो."

शेवटी मी काकूंना आईची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली. मग म्हणाल्या, "तुझी आई मोठी बाई आहे. मी नाहीये. आता पुढे बोल."

मी त्यांना परत सायकलवर बसवलं.

आणि मग तो फोन झाला. मी चटई अंथरली तशी काकूंनी पर्समधून फोन काढला, कानाला लावला आणि सुरू झाल्या, "हॅलो, हां बेटा, बोल. काय म्हणतेस? आत्ता येऊ?" मी उभी. त्या मला डोळ्यांनीच सांगताहेत, बघ, लेकीचा फोन, जावं लागेल. आणि तेवढ्यात त्यांच्या कानाशी तोच फोन वाजायला लागला. चांगली मोठी आरतीची रिंगटोन.

सरांना हसू आवरेना. "काकीजी, उठा लो, सच वाला है." दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या. काकूंनी फोन पर्समध्ये टाकला, चप्पल घातली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. त्या आठवड्यात आल्याच नाहीत. माझे फोन वाजून वाजून बंद व्हायचे.

सर त्यांच्या इंदुरी थाटात म्हणाले, "छोड़ भिया, ऐसे लोग आते-जाते हैं." मला सोडवेना. मी "होईल" म्हटलं होतं ना. जिममध्ये दुसऱ्या बाईच्या उठाबशा मोजता मोजता आकडा चुकायचा. एका दुपारी तशीच निघाले आणि न सांगता काकूंच्या फ्लॅटवर जाऊन बेल वाजवली.

दार काकांनी उघडलं. रिटायर्ड माणूस, हातात पेपर. "या या मास्तरीणबाई. आमच्या हिला घेऊन जायला आल्यात की काय?" काकू आतून बाहेर आल्या, मला बघितलं आणि परत आत गेल्या. कढईचा आवाज आला. पोहे. इंदुरात भांडायला आलेल्या माणसालाही आधी पोहे देतात, आणि पोह्यांवर शेव पडल्यावर भांडण निम्मं होतं.

पोहे खाता खाता माझी नजर घरभर फिरत होती. बसवत नव्हतंच. देवघर भिंतीला, छातीइतक्या उंचीवर ठोकलेलं, समोर प्लास्टिकची खुर्ची. भाजी निवडायची परात जेवणाच्या टेबलावर. शिलाई मशीनसुद्धा उंच टेबलावरची. त्या घरात जमिनीवर होत असलेलं असं काहीच नव्हतं.

"काकू," मी विचारलं, "तुम्ही खाली बसून किती दिवस झाले?"

काकांनी पेपर खाली घेतला. काकू म्हणाल्या, "नणंदेकडच्या हळदीकुंकवापासून."

मग सांगितलं. सगळ्या बायका सतरंजीवर बसल्या होत्या, ह्याही बसल्या. उठायच्या वेळी उठता येईना. दोघींनी काखेत हात घालून ओढलं, साडीचा पदर सुटला, आणि कुठल्याशा सुनेने त्याचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली हसणारी तोंडं, एकामागून एक. नणंदेने लिहिलं, "वहिनींना क्रेन लावा."

"त्यानंतर मी खाली बसले नाही," काकू म्हणाल्या. "आणि तुमच्या त्या काचेच्या जिममध्ये, सगळ्या पोरींसमोर मी चटईवर लोळू? समोरच्या हातात फोन दिसला तरी मला घाम फुटतो."

"मी तर म्हणतो लग्नात खुर्ची ठेवू," काका म्हणाले. "आजकाल सगळेच ठेवतात. गुरुजींची पण ना नाही."

"तुम्ही ठेवा तुमच्यासाठी," काकू म्हणाल्या.

मी आईची गोष्ट परत काढली नाही. मला एकदम दिसलं, की इतके दिवस मी "का नाही" एवढंच विचारत होते. बहाणा हे त्याचंच उत्तर असतं. विचारणारा जेवढा पक्का, तेवढा बहाणा पक्का. म्हणून मी दुसरं विचारलं, "काकू, कुठून उठता येतं?"

"म्हणजे?"

"ह्या खुर्चीवरून, हात न टेकता येतं?"

त्या उठल्या. सहज.

"मोढ्यावरून?" बाल्कनीत वेताचा मोढा होता, खुर्चीपेक्षा बुटका. मी तो आणला. पहिल्यांदा नाही जमलं. पाय मागे घ्यायला सांगितले, पुढे वाकायला सांगितलं, तेव्हा जमलं. काकू परत बसल्या, परत उठल्या. तिसऱ्यांदा मी सांगायच्या आधीच.

"मग आपण मोढ्यावर आहोत," मी म्हटलं. "जमिनीवर नंतर बघू."

तेव्हापासून मी त्यांच्या घरी जायला लागले. दार बंद, फोन दुसऱ्या खोलीत, माझासुद्धा. मोढा पक्का झाल्यावर मी कोपऱ्यातल्या चौरंगाला हात घातला, तर काकूंनी झटकन हात धरला.

"त्याच्यावर सत्यनारायण बसतो. त्याच्यावर मी बसू?"

जुनी मी असते तर म्हटलं असतं, झाला नवा बहाणा सुरू. पण हे खरंच होतं, आमच्या घरीही चौरंगावर कोणी बसत नाही. दुसऱ्या दिवशी मी जिममधून स्टेप बोर्ड मागून आणला, चढ-उतार करायची ती प्लास्टिकची फळी. तिच्या खालचे पाय काढले की उंची कमी होते. "ह्याच्यावर आजपर्यंत कुठलाही देव बसलेला नाही," मी म्हटलं. काकू खूप हसल्या, आणि बसल्या.

बहाणे संपले असं नाही. पाणी यायचं, पाहुणे यायचे. मी म्हणायचे, बरं, पाहुण्यांना पोहे देता देता दोनदा मोढ्यावरून उठा. काकांना ह्यात फार गंमत वाटायची. "आमच्याकडे सर्कस आलीये," ते खालच्या मजल्यावर सांगून यायचे. मी म्हणायचे, काका, तुम्ही पण करा. ते म्हणायचे, "मला काय धाड भरलीये?"

फळीचे पाय काढत काढत आम्ही पाटावर आलो. पाटावरून उठायची रीत वेगळी. आधी एका कुशीला वजन, मग एक गुडघा टेकायचा, दुसरं पाऊल समोर रोवायचं, आणि हात स्वतःच्याच मांडीवर दाबून वर. काकूंना ट्रॅक पँटमध्ये जमायला लागलं, तेव्हा मी म्हटलं, आता साडी. पहिल्या दिवशी निऱ्या पायाखाली आल्या आणि त्या धपकन बसल्या. त्यांनी दाराकडे बघितलं, कुणी नाही. मग म्हणाल्या, "निऱ्या आधी गुडघ्याच्या वर घ्यायच्या का गं?" ती युक्ती त्यांची. मी आता सगळ्यांना शिकवते.

लग्नाच्या दिवशी मी कार्यालयात लवकर पोचले आणि पाहुण्यांच्या बसायच्या जागी, खांबाजवळ उभी राहिले. मंडपात पाट मांडलेले होते, आणि काकूंच्या पाटाशेजारी एक लाल गादीची खुर्ची. नणंदेनेच आणून ठेवलेली. "वहिनी, असू दे, कम्फर्टेबल बसा," ती चार लोकांत म्हणाली. काकूंनी खुर्चीकडे बघितलं. माझ्याकडे नाही बघितलं. निऱ्या जरा वर घेतल्या आणि पाटावर बसल्या. खुर्चीवर कोणीतरी अहेराच्या पिशव्या ठेवून दिल्या.

गुरुजींचे मंत्र संपेनात. आणि तेव्हा मला सुचलं, की आम्ही उठायचा अभ्यास केला होता, इतका वेळ बसायचा नाही. पाय बधिर झाले तर? मी खांबाभोवती फिरायला लागले. एक बाई म्हणाली, "तुमच्याच मुलीचं आहे का?" समोर व्हिडिओवाला दिवा घेऊन उभा, अर्ध्या नातेवाइकांच्या हातात फोन. मी मान लांब करून बघितलं, तर शालूच्या काठाखाली काकूंच्या पायांची बोटं हलत होती. मी न शिकवता.

कन्यादान झालं. गुरुजी म्हणाले, उठा. काका पुढे झुकले, परत बसले, परत झुकले. त्यांना कळलं नव्हतं की आपले गुडघेही साठीच्या पुढचे आहेत. मुलीच्या मामाने त्यांना काखेत हात घालून उचललं, तेव्हा सगळा मंडप हसला, ते स्वतःही हसले. मग मामाने तोच हात काकूंपुढे केला. काकूंनी त्या हातात समोरचं ताम्हण दिलं. "हे धर जरा," म्हणाल्या.

कुशीला वजन, गुडघा, पाऊल. मध्ये एकदा थांबल्या, मांडीवर हात दाबला.

आणि काकू पाटावरून कुणाचाही हात न धरता उठल्या.