शिरूरचे माग आणि माझं दचकणं

चार मैत्रिणी जमल्या की हुकूम सुटतो, "तुझे कारखान्याचे किस्से सांग गं." माझी नोकरी जेमतेम दोन वर्षांची, किस्से मात्र संपत नाहीत. घाबरट माणसाकडे ते जरा जास्तच साठत असावेत.

शिरूरला आप्पांचा सुती लुगड्यांचा छोटासा कारखाना होता. बाजारात नायलॉन आलेलं, लुगड्यांना गिऱ्हाईक कमी. यंदा दिवाळीची ऑर्डर गेली तर कारखानाच गेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी नुकती बी.कॉम. झालेली. इंटरव्ह्यूला बसले आणि शेजारच्या मागाचा धोटा असा खाडकन आपटला, की मी खुर्चीतून उभीच राहिले.

आप्पा म्हणाले, "ठरलं. भिणारं एक तरी माणूस पायजे. आमी समदे निर्धास्त हाय, तीच तर पंचाईत हाय."

धंद्यातले धोके ओळखायचे, हे माझं काम!

*

विम्याचे एजंट आले. आग, चोरी, पूर, सगळं त्यांनी नीट समजावलं. मागांची देखभाल करणारे किसनमामा शांतपणे ऐकत होते.

"आन् शेळी?" त्यांनी विचारलं.

खळ लावलेलं सूत आम्ही अंगणात वाळत घालायचो. गल्लीतल्या शेळ्यांना ती खळ फार आवडायची. शेळीसाठी पॉलिसी निघाली नाही. अजूनही कुठे खळीचा वास आला, की मी आधी शेळी कुठंय ते बघते.

*

सुताचे गठ्ठे रेल्वेनं दौंडला उतरायचे. एका टेंपोत सगळा माल भरणं धोक्याचं, असं मी कॉलेजात शिकले होते. आप्पांनी ऐकलं आणि दोन टेंपो केले.

न्हावऱ्याच्या अलीकडे वळणावर दोन्ही टेंपो एकमेकांवरच धडकले. कुणाला लागलं नाही, पण सूत रस्ताभर.

आप्पा मला एवढंच म्हणाले, "पोरी, एकच असता तर धडकला कुणाला असता?"

*

आणि मग मुंबईच्या पेढीचे साहेब आले. दिवाळीची ऑर्डर यांच्याच हातात. मूळचे मद्रासकडचे, मराठी पुस्तकातून शिकलेले. एकेक शब्द तोलून बोलायचे. जिकडे तिकडे माग बंद पडताहेत, तुमचा माल वेळेवर येईल याची खात्री काय, असं ते विचारत होते. 

संध्याकाळ झाली होती, सुट्टीची वेळ. मागांची खटखट एकाएकी थांबली. त्या शांततेलाही मी दचकले. किसनमामा दारात येऊन उभे राहिले.

"आप्पा, समदे माग वाढवले. आता कारखाना बी वाढवू का?"

साहेब खुर्चीत ताठ झाले.

"या मंदीत? तुम्ही वाढवता?"

आप्पांनी एकदा मामांकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि जे खरं होतं तेच सांगितलं.

"आमच्यात रोजच वाढवत्यात, साहेब."

साहेबांनी ऑर्डरचा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.